इंग्रजी बोलभाषा आणि सौम्य शिव्या फ्रेंचमध्ये आणताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच शिकणारे विद्यार्थी, चित्रपट व मालिकांची उपशीर्षके लिहिणारे भाषांतरकार आणि नोकरीनिमित्त पॅरिसला किंवा माँट्रियलला निघालेली मंडळी यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘डॅम’, ‘हेल’, ‘ब्लडी’, ‘क्रॅप’ अशा रोजच्या तोंडी असणाऱ्या सौम्य शब्दांपुरतीच ही चर्चा मर्यादित आहे. वर्ण, धर्म किंवा लिंग यांवरून माणसाला हीन लेखणाऱ्या शिव्यांचे भाषांतर हा वेगळा आणि जास्त जबाबदारीचा विषय असल्याने तो येथे घेतलेला नाही. फ्रेंच शब्दांचे उच्चार देवनागरीत जितके जवळ नेता येतील तितके नेले आहेत.

शब्दकोशात या शब्दांचे अर्थ मिळतात. मग अडचण नेमकी कुठे येते?

शब्दकोश अर्थ सांगतो, पण भाषांतरकाराला हवे असते ते शब्दाचे वजन. रागाच्या किंवा आश्चर्याच्या भरात जो शब्द निसटतो, त्याच्या मूळ अर्थाकडे बोलणाऱ्याचे लक्ष नसते आणि ऐकणाऱ्याचेही नसते. ऐकणाऱ्याला कळते ते एवढेच की हा माणूस किती चिडला आहे, समोरच्याची किती भीड बाळगतो आहे आणि हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर खपला असता की नसता. म्हणून इंग्रजी वाक्य हाती आले की पहिला प्रश्न ‘याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात’ हा नसावा. हाच माणूस, याच प्रसंगी, याच माणसासमोर फ्रेंचमध्ये तोंड उघडेल तेव्हा काय बोलेल, असे स्वतःला विचारावे. अनेकदा उत्तर असे निघते की तो कोणतीही शिवी देणार नाही, फक्त वाक्याची ठेवण बदलेल.

‘प्ती रोबेर’सारखे फ्रेंच कोश या कामी चांगली मदत करतात, कारण ते शब्दापुढे घरगुती, ग्राम्य, टोळीभाषेतला अशा अर्थाच्या संक्षिप्त खुणा देतात. विद्यार्थी अर्थ वाचतात आणि खुणा सोडून देतात. या विषयापुरते तरी खूण आधी वाचावी आणि अर्थ नंतर.

‘मेर्द’ आणि ‘प्युतँ’ हे शब्द त्यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांइतकेच जड आहेत का?

नाहीत, या दोन्ही शब्दांची धार इंग्रजी प्रतिशब्दांहून बोथट आहे. ‘मेर्द’ म्हणजे विष्ठा, पण हातातली किल्ली पडली, गाडी चुकली, दूध उतू गेले की फ्रान्समधील सुशिक्षित प्रौढ माणूसही तो शब्द सहज उच्चारतो. नाटकवाले तर रंगमंचावर जाण्यापूर्वी एकमेकांना शुभेच्छा म्हणून हाच शब्द म्हणतात, आणि त्याला उत्तरादाखल आभार मानायचे नाहीत असा संकेत आहे. वॉटर्लूच्या लढाईत, १८१५ साली, शरण येण्यास सांगणाऱ्या इंग्रजांना सेनापती काँब्रोन यांनी याच शब्दात उत्तर दिले अशी कथा आहे. काँब्रोन यांनी स्वतः ती नाकारली, तरी ‘काँब्रोनचा शब्द’ हा या शब्दाचा सभ्य पर्याय म्हणून फ्रेंचमध्ये कायम झाला.

‘प्युतँ’चा मूळ अर्थ वेश्या असा आहे, परंतु उद्गार म्हणून वापरताना तो अर्थ कोणाच्या मनात नसतो. मार्सेय आणि तुलूझच्या बाजूला हा शब्द वाक्यात स्वल्पविरामासारखा येतो, आणि त्याच मुलखात वाक्याच्या शेवटी ‘कों’ हा शब्दही तितक्याच सहजतेने जोडला जातो.

‘कों’ हे तर सर्वांत बोलके उदाहरण आहे. मुळात तो स्त्रीच्या गुप्तांगाचा वाचक असून त्याच अर्थाचा इंग्रजी शब्द आजही अतिशय जहाल समजला जातो. फ्रेंचमध्ये मात्र ‘कों’ म्हणजे मूर्ख, बिनडोक. ‘ल दिने द कों’ हा १९९८ सालचा फ्रेंच विनोदी चित्रपट हा शब्द शीर्षकात घेऊन चित्रपटगृहांत लागला, आणि इंग्रजी प्रेक्षकांकडे जाताना त्याचे नाव ‘द डिनर गेम’ असे साधे झाले. अंगाचे नाव अंगाच्या नावाने भाषांतरित केले असते तर काय झाले असते, हे यावरून कळावे.

याचा व्यवहारातील परिणाम असा की इंग्रजीतील कडक शब्दाला ‘मेर्द’ पुरत नाही आणि इंग्रजीतील ‘क्रॅप’सारख्या मध्यम शब्दाला तो पुष्कळदा चालून जातो.

‘डॅम’ला फ्रेंचमध्ये काय म्हणावे?

एकच शब्द नाही. नुसता उद्गार असेल तर लहान मुलासमोर ‘झ्युत’ किंवा ‘मँस’, मित्रांत ‘मेर्द’, आणि कौतुकाने उच्चारलेला असेल तर ‘ला वाश!’. या शेवटच्याचा शब्दशः अर्थ ‘गाय!’ असा आहे, आणि अमेरिकन इंग्रजीतही आश्चर्याच्या उद्गारात गायच येते, हा दोन भाषांतील सुखद योगायोग आहे. विशेषण म्हणून आला, जसे ‘द डॅम डोअर’, तर ‘सेत फिश्यू पोर्त’, म्हणजे हे मेले दार. ‘फिश्यू’ हा शब्द ताकदीला ‘डॅम’च्या अगदी शेजारी बसतो.

या शब्दाचा फ्रेंचांशी संबंध फार जुना आहे. पंधराव्या शतकात फ्रेंच लोक इंग्रज सैनिकांना ‘गोदों’ म्हणत, आणि हे नाव त्या सैनिकांच्या तोंडच्या ‘गॉड डॅम’वरून पडले असे सामान्यतः मानले जाते. पुढे १७८४ मध्ये रंगभूमीवर आलेल्या बोमार्शेच्या ‘फिगारोचे लग्न’ या नाटकात फिगारो मोठ्या ऐटीत सांगतो की ‘गॉड डॅम’ एवढे दोन शब्द येत असले की इंग्लंडात कशालाच कमी पडत नाही.

‘आय डोंट गिव्ह अ डॅम’ या वाक्प्रयोगासाठी मात्र स्वतंत्र उतरंड आहे, ती पुढे पाहू. येथे एक नमुना नोंदवण्याजोगा आहे. १९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’मधील नायकाचे शेवटचे वाक्य फ्रेंच ध्वनिमुद्रणात (डबिंगमध्ये) ‘फ्राँशमाँ, मा शेर, से ल कादे द मे सुसी’ असे झाले. म्हणजे, खरे सांगायचे तर, ती माझ्या चिंतांमधली सर्वांत धाकटी चिंता आहे. शिवी गेली, पण दारातून बाहेर पडणाऱ्या घरंदाज माणसाची थंड बेपर्वाई पूर्ण आली. मला हे भाषांतर मनापासून आवडते, कारण ‘डॅम’ या शब्दाला चिकटून राहण्यापेक्षा त्या माणसाला ओळखणे भाषांतरकाराने महत्त्वाचे मानले.

‘मँस’, ‘झ्युत’, ‘प्युनेझ’, ‘प्युरे’ हे शब्द कुठून आले आणि ते केव्हा वापरावेत?

मराठी वाचकाला ही रीत समजावून सांगावी लागत नाही. ‘शिंदळीच्या’चे ‘शिंच्या’ झाले आणि तो शब्द आजोबांच्या तोंडीही शोभू लागला. ‘आयला’, ‘च्यायला’ म्हणताना मूळ शिवी कोणाला आठवत नाही. फ्रेंचमध्येही शिवीचे पहिले अक्षर तोंडातून निघते आणि पुढे निरुपद्रवी शब्द येतो. ‘प्युतँ’ म्हणता म्हणता ‘प्युनेझ’ म्हणजे ढेकूण किंवा ‘प्युरे’ म्हणजे कुस्करलेली भाजी, आणि ‘मेर्द’ म्हणता म्हणता ‘मँस’ म्हणजे पातळ, बारीक, किंवा ‘मेर्क्रदी’ म्हणजे बुधवार. इंग्रजीत ‘डॅम’चे ‘डार्न’ आणि ‘हेल’चे ‘हेक’ होते ते याच न्यायाने, आणि म्हणून मूळ इंग्रजीत अशी झाकलेली शिवी असेल तर फ्रेंचमध्येही झाकलेलीच द्यावी. ‘डार्न’ला ‘मेर्द’ लिहिणे म्हणजे शिवी टाळणाऱ्या पात्राच्या तोंडी शिवी घालणे होय.

या शब्दांच्या आपसांतही फरक आहेत. ‘झ्युत’ आज थोडा बालिश किंवा जुन्या वळणाचा वाटतो. ‘फ्ल्यूत’ त्याहून जुना. ‘सापेर्लिपोपेत’ हा बालकथांत शोभेल. ‘मँस’ आणि ‘प्युरे’ कोणत्याही वयाच्या तोंडी सहज येतात.

‘साक्रब्लो’ हा शब्द फ्रेंच माणसे खरोखर वापरतात का?

आज नाही. तो इंग्रजी विनोदातील फ्रेंच माणसाच्या तोंडी उरला आहे. धर्मनिंदेला शिक्षा होत असे त्या काळात देवाचे नाव, म्हणजे ‘द्यो’, टाळण्यासाठी त्याच्याशी जुळणारा ‘ब्लो’, म्हणजे निळा, हा शब्द घालत, आणि त्यातून ‘साक्रब्लो’, ‘मोर्ब्लो’, ‘पार्ब्लो’ ही सारी मालिका तयार झाली. चौथ्या आन्री राजाच्या बाबतीत अशी आख्यायिका सांगतात की तो वारंवार ‘मी देवाला नाकारतो’ या अर्थाचा ‘झार्निद्यो’ म्हणे. तेव्हा त्याचे धर्मगुरू पेर कोतों यांनी देवाऐवजी आपलेच नाव घ्यावे असे सुचवले, आणि ‘झार्निकोतों’ हा शब्द फ्रेंचला मिळाला. जुन्या काळातील कादंबरीचे भाषांतर करत असाल तर हे शब्द उपयोगी पडतील. आजच्या लंडनमधील टॅक्सीचालकाच्या तोंडी घालू नयेत.

‘हेल’ असलेली वाक्ये फार छळतात. त्यांचे काय करावे?

ही तक्रार सर्वांत जास्त येते आणि ती रास्त आहे, कारण इंग्रजीत हा एक शब्द किमान सहा-सात कामे करतो. ‘व्हेअर द हेल हॅव यू बीन?’ हे वाक्य घेऊ. कोशातून नरक किंवा सैतान उचलला तर ‘ऊ द्याब्ल’ने सुरू होणारे वाक्य तयार होते, ते व्याकरणशुद्ध असले तरी एकोणिसाव्या शतकातील दिवाणखान्यात ऐकल्यासारखे वाटते. रात्री उशिरा घरी आलेल्या मुलाला आज फ्रान्समधील आई म्हणेल, ‘मे ऊ तेते पासे?’ येथे शिवी कुठेच नाही. सुरुवातीच्या ‘मे’ने, म्हणजे आपल्या ‘अरे पण’सारख्या शब्दाने, आणि शेवटच्या ‘पासे’ने तिचा सगळा संताप उचलला आहे. कामावर उशिरा आलेल्या सहकाऱ्याला मित्र म्हणेल, ‘प्युतँ, तेते ऊ?’. दोन्ही भाषांतरे बरोबर आहेत आणि एकमेकांच्या जागी दोन्ही चूक आहेत.

‘व्हॉट द हेल आर यू डुइंग?’ साठी ‘केस क त्यु फिश?’ पुरते, आणि चढा आवाज हवा असल्यास ‘केस क त्यु फू?’. खांदे उडवून म्हटलेले ‘ओह, व्हॉट द हेल’ म्हणजे जाऊ दे, होऊन जाऊ दे. त्याला ‘आले, ताँ पी’ किंवा ‘ए प्वी झ्युत’. ‘अ हेल ऑफ अ प्रॉब्लेम’ला ‘अँ साक्रे प्रोब्लेम’. अविश्वासाने म्हटलेल्या ‘लाइक हेल’ला ‘त्यु पार्ल’ किंवा ‘मों नय’, म्हणजे शब्दशः ‘माझा डोळा’. ‘गो टू हेल’ला ‘व्हा त फेर व्ह्वार’. नरकाचे नाव यांपैकी एकाही उत्तरात आलेले नाही.

‘ब्लडी’ हा शब्द फ्रेंच वाक्यात बसतच नाही. तो कुठे ठेवावा?

इंग्रजीत ‘ब्लडी’, ‘डॅम’ हे शब्द वाक्यात जवळजवळ कुठेही घुसतात, अगदी ‘ॲब्सो-ब्लडी-ल्यूटली’ असे शब्दाच्या पोटातसुद्धा. फ्रेंचमध्ये ही सोय नाही. तेथे या कामासाठी मुख्यतः नामाला ‘द’ने जोडायची रचना आहे. ‘सालते द’ म्हणजे घाण, ‘प्युतँ द’, ‘बोर्देल द’ आणि मग वस्तू. एखादा माणूस थंडीत गाडी चालू करण्यासाठी झटतो आहे आणि म्हणतो, ‘द ब्लडी थिंग वोंट स्टार्ट’. फ्रेंचमध्ये ‘सेत सालते रफ्युझ द देमारे’, म्हणजे ही घाण चालू व्हायला नाही म्हणते आहे. ‘ब्लडी’चे विशेषण नाम झाले, गाडी माणसासारखी हट्टी झाली आणि वैताग पूर्ण उतरला.

‘प्युतँ’ हा शब्द स्त्रीलिंगी असला तरी या रचनेत लिंग पुढच्या नामाचेच धरतात, म्हणून ‘अँ प्युतँ द काम्यों’ पण ‘य्युन प्युतँ द व्ह्वात्युर’. आणखी एक काळजी ‘साक्रे’ची घ्यावी लागते: नामाच्या आधी आला तर तो ‘जबरदस्त’ किंवा ‘मेला’ होतो, नामानंतर आला तर ‘पवित्र’. जागा चुकली तर बेरकी माणसाचा संत होईल.

‘ब्लडी’चे वजन काळाप्रमाणे बदलले आहे, हेही ध्यानात असावे. लंडनमध्ये १९१४ साली शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकात नायिकेच्या तोंडी तो आला तेव्हा मोठी खळबळ उडाली होती. मराठी प्रेक्षक ही नायिका ‘ती फुलराणी’तून चांगली ओळखतात. आज ब्रिटनमध्ये तोच शब्द चारचौघांत ऐकू येतो. म्हणजे १९१४ च्या ‘ब्लडी’ला आजचा ‘फिश्यू’ अपुरा पडेल आणि आजच्या ‘ब्लडी’ला ‘प्युतँ द’ बऱ्याचदा जास्त होईल.

‘फिश’ आणि ‘फू’ यांत फरक काय?

हा फरक एकदा पक्का झाला की निम्मे काम होते. ‘फुत्र’ हे मूळ ग्राम्य क्रियापद. त्याचे सौम्य भावंड म्हणजे ‘फिशे’. सौम्य क्रियापदाने थोरल्याची इतकी नक्कल केली की ‘फुत्यू’वरून ‘फिश्यू’ हे रूपही घडवले गेले. त्यामुळे जवळपास प्रत्येक वाक्प्रयोग दोन वजनांत मिळतो. ‘मला त्याचे काय’ हे सभ्यपणे ‘झ माँ मोक’, घरगुती बोलण्यात ‘झ माँ फिश’ आणि उद्धटपणे ‘झ माँ फू’. ‘चालता हो’ हे ‘फिश ल काँ’ आणि ‘फू ल काँ’. इंग्रजी वाक्यात सौम्य शिवी दिसली की आधी ‘फिश’च्या कुटुंबात शोधावे आणि अपुरे वाटले तरच ‘फू’कडे वळावे.

इंग्रजी ‘बगर’ आणि फ्रेंच ‘बूग्र’ एकच ना?

मूळ एक, अर्थ वेगळे. दोन्ही शब्द बल्गेरियन या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून, तेथील पाखंडी पंथाला उद्देशून मध्ययुगात निघाले. इंग्रजीत ती सौम्य शिवी राहिली. आजच्या फ्रेंचमध्ये ‘पोव्ह्र बूग्र’ म्हणजे बिचारा गरीब माणूस. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पत्रकार एबेरच्या ‘पेर द्युशेन’ या वृत्तपत्रात मात्र ‘बूग्र’ आणि ‘फुत्र’ यांची लाखोली वाहिलेली असे, त्यामुळे जुना मजकूर वाचताना आजचा अर्थ लावू नये.

शिवी देताना ‘त्यु’ वापरावे की ‘व्हू’?

इंग्रजीतील ‘यू’ याबाबत काहीच सांगत नाही आणि निर्णय भाषांतरकारावर पडतो. मराठीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांत वाढलेल्या माणसाला येथे इंग्रजी मातृभाषिकापेक्षा जास्त जाण असते, तिचा उपयोग करावा. भांडण पेटले की अनोळखी माणसे ‘व्हू’वरून ‘त्यु’वर येतात आणि ती घसरण हाच अपमान असतो, कधी कधी तर शिवीची गरजच उरत नाही. उलट ‘व्हू’ राखून बोललेले कठोर वाक्य, जसे ‘व्हू म फेत श्ये’ (तुम्ही मला वैताग आणता), त्यातल्या ग्राम्य क्रियापदामुळे आणि आदरार्थी रूपामुळे एकाच वेळी तुसडे आणि थंड वाटते. इंग्रजी प्रसंगात दोन सहकारी आतापर्यंत सभ्यपणे बोलत होते आणि एकाच्या तोंडून ‘डॅम यू’ निघाले, तर फ्रेंचमध्ये तो क्षण सर्वनाम बदलून दाखवता येतो.

कॅनडातील क्वेबेक प्रांतासाठी हेच भाषांतर चालेल का?

चालणार नाही. इमिग्रेशनसाठी फ्रेंच शिकून तिकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही बाब आधीच समजून घ्यावी असे मला कळकळीने वाटते, कारण वर्गात शिकलेली फ्रेंच बहुधा फ्रान्सची असते. क्वेबेकच्या शिव्या शरीराशी किंवा वेश्येशी नव्हे, तर कॅथलिक चर्चमधील पवित्र वस्तूंशी निगडित आहेत आणि त्यांना ‘साक्र’ म्हणतात. ‘ताबार्नाक’ ही वेदीवरील पवित्र भाकर ठेवण्याची पेटी, ‘ओस्ती’ ही ती भाकर, ‘कालिस’ हा द्राक्षरसाचा पेला, ‘सिब्वार’ हे भाकरीचे झाकणदार पात्र, आणि ‘क्रिस’ म्हणजे ख्रिस्त. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती वाचकांना या वस्तू मिस्सामुळे परिचयाच्या असतील. १९६० च्या दशकातील ‘शांत क्रांती’पर्यंत, म्हणजे समाज चर्चच्या प्रभावातून बाहेर पडेपर्यंत, शाळा, रुग्णालये आणि घरे या सर्वांवर तेथे चर्चचा पगडा होता, आणि ज्याचा दाब सर्वांत मोठा त्याचेच नाव शिवीत आले.

या शब्दांची रचना विलक्षण लवचीक आहे. ते ‘द’ने एकमेकांना जोडत जातात, ‘ओस्ती द कालिस द ताबार्नाक’, आणि साखळी जितकी लांब तितका राग मोठा. त्यांची क्रियापदेही होतात: फ्रान्समध्ये ‘फिशे ल काँ’ म्हणजे चालते होणे, तर क्वेबेकमध्ये ‘क्रिसे सों काँ’, ‘मला त्याचे काय’ साठी ‘झ माँ कालिस’. सौम्य रूपेही आहेत: ‘ताबार्नूश’, ‘ताबार्वेत’, ‘कालिन’, आणि ‘मोदी’ म्हणजे शापित याचे ‘मोतादी’. इंग्रजी ‘डॅम’साठी क्वेबेकमध्ये ‘मोदी’ उत्तम बसतो. ‘द डॅम कार’ म्हणजे ‘ल मोदी शार’.

‘ताबार्नाक’ मात्र ‘मेर्द’सारखा हलका समजू नये. तो ऐकायला गमतीदार वाटतो म्हणून नवे लोक उचलतात आणि समोरच्या वयस्कर माणसाचा चेहरा उतरतो. याउलट इंग्रजीतील सर्वांत कुप्रसिद्ध एफ अक्षराचा शब्द तिथल्या फ्रेंचमध्ये बराच सौम्य झाला आहे. कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने २०१७ मध्ये फ्रेंच कार्यक्रमांत तो क्वचित आणि कोणाचा अपमान न करता वापरल्यास चालेल असे मान्य केले.

बोलभाषेतही दोन्ही काठांवर वेगवेगळे पाणी आहे. फ्रान्समध्ये ‘गोस’ म्हणजे पोरगे, क्वेबेकमध्ये ‘गोस’ म्हणजे वृषण. ‘एकराँ’ म्हणजे फ्रान्समध्ये किळसवाणे, क्वेबेकमध्ये मित्रमंडळींत अफलातून. इंग्रजी ‘किड्स’ आणि ‘ऑसम’ भाषांतरित करताना प्रेक्षक कोणत्या किनाऱ्यावरचा आहे हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

‘ड्यूड’, ‘स्केची’, ‘ऑसम’ अशा तरुणांच्या शब्दांसाठी काय वापरावे?

‘ड्यूड’ला ‘मेक’ किंवा ‘व्ह्ये’, ‘कॉप’ला ‘फ्लिक’, पैशांच्या ‘बक्स’ला ‘बाल’ आणि क्वेबेकमध्ये ‘प्यास’, हे जुने आणि भरवशाचे शब्द. नव्यांपैकी पुष्कळसे ‘वेरलाँ’ पद्धतीचे असतात, म्हणजे शब्दाची अक्षरे उलटवून केलेले. वेरलाँ हे नावच ‘लाँव्हेर’, म्हणजे उलटे, या शब्दाला उलटवून झाले आहे. ‘लूश’ म्हणजे संशयास्पद, त्याचे ‘शलू’ झाले आणि ‘स्केची’ किंवा ‘डॉजी’ला ते चपखल बसते. ‘लूर’ म्हणजे जड, त्याचे ‘रलू’ म्हणजे वैताग आणणारा. ‘फू’ (वर आलेल्या क्रियापदाहून वेगळा शब्द) म्हणजे वेडा, त्याचे ‘ऊफ’, आणि ‘अँ त्रुक द ऊफ’ म्हणजे भन्नाट गोष्ट.

धोका असा की हे शब्द लवकर शिळे होतात. १९८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मितराँ यांना दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत ते ‘शेब्राँ’, म्हणजे ‘ब्राँशे’ उलटवून झालेला आधुनिक या अर्थाचा शब्द, आहेत का असे विचारले गेले, तेव्हा हा शब्द आता जुना झाला, तुम्ही ‘काब्ले’ म्हणायला हवे होते, असे त्यांनी मुलाखतकारालाच सांगितले. आज ‘काब्ले’ही मागे पडला आहे. पुस्तकासाठी भाषांतर करत असाल तर दहा वर्षे टिकलेला शब्द घ्या.

उपशीर्षकांत शिव्या का कमी केल्या जातात?

दोन कारणांनी. पहिले जागेचे: दोन ओळी, एका ओळीत साधारण ४२ अक्षरे आणि वाचायला मोजका वेळ, अशा वेळी आशय राखायचा तर पाचपैकी तीन ‘डॅम’ जातातच. दुसरे असे की कानाला सवयीचा वाटणारा शब्द पडद्यावर लिहिलेला दिसला की दुप्पट जड वाटतो. ज्या वाक्यावर पात्राचा तोल सुटतो तेथे शिवी ठेवावी, बाकी ठिकाणी वाक्याच्या सुरातून काम करावे.

आवाज बदलताना, म्हणजे डबिंगमध्ये, अडचण ओठांची असते. प, ब, म या अक्षरांना ओठ मिटतात आणि ते पडद्यावर दिसते. फ्रान्समधील ध्वनिमुद्रणात ‘बों साँ!’ हा उद्गार वर्षानुवर्षे इतका वापरला गेला की तो अमेरिकन पोलीस पात्रांची खूण होऊन बसला, जरी रस्त्यावर तो आता फारसा ऐकू येत नाही. नव्या कामात तो टाळलेला बरा.

भाषांतरकाराने स्वतःहून शिवी गाळावी का?

ग्राहकाने तशी अट घातली नसेल तर गाळू नये. कोण कोणासमोर काय बोलतो यातून पात्र उभे राहते. आयुष्यभर ‘गॉश’ म्हणणारी बाई एकदाच ‘डॅम’ म्हणते तेव्हा त्या एका शब्दासाठी लेखकाने दोनशे पाने वाट पाहिलेली असते. भाषांतरकाराला शब्दाची लाज वाटते म्हणून तो क्षण पुसला गेला, तर वाचकाचे नुकसान होते आणि त्याला ते कळतही नाही. प्रमाणपत्राचे नियमही देशोदेशी भिन्न आहेत. अमेरिकेत एफ अक्षराचा शब्द एकाहून अधिक वेळा आला तर चित्रपटाला सामान्यतः ‘आर’, म्हणजे लहान वयाच्या प्रेक्षकांवर बंधन घालणारी, श्रेणी मिळते. फ्रान्समध्ये वयाची बंधने ठरवताना भाषेपेक्षा हिंसा आणि लैंगिक दृश्ये जास्त पाहिली जातात.

उलट दिशेने, फ्रेंचमधून इंग्रजीत येताना काय होते?

तीच कसरत. जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी ‘ल पारिझियाँ’ या दैनिकाशी बोलताना, लस न घेणाऱ्यांना ‘आँमेर्दे’ करण्याची आपली फार इच्छा आहे असे म्हटले. क्रियापद ‘मेर्द’पासून निघालेले, अर्थ सळो की पळो करून सोडणे. अनेक इंग्रजी वृत्तमाध्यमांनी ‘पिस ऑफ’ लिहिले. जाणूनबुजून ग्राम्य शब्द वापरल्याची बाब त्यातून पोहोचली, परंतु ‘पिस ऑफ’ म्हणजे चिडवणे, तर माक्रों यांचा रोख त्या लोकांचे रोजचे व्यवहार अडवण्यावर होता. तो भाग पुढच्या वाक्यांतून समजून घ्यावा लागला.

‘पार्डन माय फ्रेंच’चे फ्रेंच काय?

‘सि व्हू म पासे लेक्सप्रेस्यों’, म्हणजे या शब्दप्रयोगाबद्दल माफ कराल तर. त्यात कोणत्याही देशाचे नाव नाही.

तोंडी परीक्षेत किंवा कार्यालयात यांपैकी काय बोललेले चालेल?

परीक्षकासमोर पेन पडले तर ‘मँस’ किंवा ‘उप्स’, त्यापुढे नाही. राग व्यक्त करायचा तर ‘सा मेनेर्व्ह’ हे तटस्थ वाक्य पुरते. कार्यालयात फ्रेंच सहकारी ‘से श्याँ’, म्हणजे हे कंटाळवाणे आहे, असे सहज म्हणताना ऐकू येतील. तरी तुमचे आणि त्यांचे ‘त्यु’ झाल्याशिवाय आणि त्यांनी आधी म्हटल्याशिवाय तुम्ही म्हणू नये. परक्याच्या तोंडची शिवी ऐकणाऱ्याला नेहमी एक पायरी वर ऐकू येते, हे कोणत्याही भाषेत खरे आहे. ‘पेन इन द नेक’ अशा माणसाबद्दल बोलायचे तर ‘कास-प्ये’ वापरावे. ‘आँमेर्दर’ मित्रांसाठी राखून ठेवावा.

फ्रान्समध्ये शिवी दिल्याबद्दल शिक्षा होऊ शकते का?

होऊ शकते. खाजगीत केलेल्या साध्या अपमानाला किरकोळ दंड आहे, परंतु कर्तव्यावरील पोलिसाला उद्देशून शिवी दिल्यास दंडसंहितेनुसार एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे ‘कास-त्वा’, म्हणजे चालता हो, हे शब्द भाषांतरात लिहिणे आणि रस्त्यावर गणवेशातील माणसाला ऐकवणे यांत मोठे अंतर आहे.

हेच शब्द एका गाजलेल्या खटल्याच्या मुळाशी होते. फेब्रुवारी २००८ मध्ये पॅरिसच्या कृषी प्रदर्शनात हस्तांदोलन नाकारणाऱ्या एका माणसाला राष्ट्राध्यक्ष सार्कोझी ‘कास-त्वा, पोव्ह कों’ म्हणाले, म्हणजे चालता हो, मूर्खा. त्याच वर्षी एका निदर्शकाने नेमके तेच शब्द फलकावर लिहून राष्ट्राध्यक्षांच्या गाडीच्या मार्गात धरले आणि राष्ट्रप्रमुखाच्या अपमानाबद्दल त्याला ३० युरोंचा, तोही स्थगित, दंड झाला. मार्च २०१३ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने या शिक्षेने अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला, आणि त्याच वर्षी फ्रान्सने १८८१ च्या कायद्यातील तो गुन्हाच रद्द केला. पोलिसांसंबंधीचे कलम मात्र लागू आहे.